घातले की दिले?

मागच्या उन्हाळ्यात, पेपर तपासणीच्या दिवसांत, आमच्या स्टाफरूममध्ये एक चर्चा रंगली. इतिहासाच्या सरांच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती आणि पत्नीला कोणता दागिना घ्यावा, हा प्रश्न त्यांनी चारचौघांत मांडला. कोणी हिऱ्याची अंगठी सुचवली, कोणी पातल्या. एका तरुण सहकारी मॅडमनी मोबाइलवर नाजूक पेंडंट दाखवली. वाणिज्य विभागातले निवृत्तीला आलेले सर म्हणाले, "खड्यांचं काही घेऊ नका. अडीअडचणीत खड्याचे पैसे येत नाहीत." सगळे हसले. इतक्यात चहा घेऊन आलेल्या मावशी ट्रे टेबलावर ठेवता ठेवता बोलून गेल्या, "द्याचंच असन सर, त मॅडमच्या हातात द्या. कपाटात नोका देऊ."

चर्चा पुढे दुसऱ्या विषयाकडे वळली, पण माझ्या मनात मावशींचे वाक्य राहिले. आम्ही सगळे काय निवडावे यावर बोलत होतो. त्यांनी एका वाक्यात प्रश्नच बदलला होता. हातात दिलेले आणि कपाटात ठेवलेले यांत फरक आहे, आणि तो आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

मराठीत दागिना सहसा 'देत' नाहीत. तो 'करतात', 'घडवतात', 'अंगावर घालतात'. "सुनेला पाच तोळे घातले" हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या मांडवात सर्रास ऐकू येते. 'दिले' असे म्हटले तर देणाऱ्याचा हक्क संपतो आणि घेणाऱ्याचा सुरू होतो. 'घातले' या क्रियापदात तसे काही होत नाही. पेटीत कपडे घालतात, जनावरांना चारा घालतात, बँकेत पैसे घालतात. वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेली, एवढेच त्या शब्दातून कळते. ती जागा सुनेचे अंग असेल, तर ती वस्तू सुनेची झाली की तिच्या अंगावर केवळ ठेवली गेली? या प्रश्नाचे उत्तर भाषा देत नाही आणि बहुधा मुद्दामच देत नाही.

'दागिना' हा शब्दही असाच बोलका आहे. जुन्या वापरात दागिना किंवा डाग म्हणजे नग, मोजून ताब्यात घेण्याची वस्तू. रेल्वेच्या प्रवासात आपण आजही सामानाचे डाग मोजतो. लग्न ठरताना दोन्ही पक्षांत जी 'याद' होई, तिच्यात भांडी, लुगडी आणि दागिने एकाखाली एक लिहिले जात: नग किती, वजन किती. अलंकार हा शब्द काव्यशास्त्राने उचलला आणि त्याचे सौंदर्यशास्त्र झाले. दागिना मात्र यादीतच राहिला. मराठीच्या वर्गात 'अलंकार' शिकवताना हे मला दरवर्षी आठवते. विद्यार्थ्यांना उपमा-उत्प्रेक्षा सांगायच्या आणि घरी कपाटातल्या नगांचा हिशेब करायचा!

स्त्रीला मिळणाऱ्या भेटीचा विचार धर्मशास्त्राने फार बारकाईने केला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत स्त्रीधनाचे प्रकार सांगितले आहेत: आई, बाप, भाऊ, नवरा यांनी दिलेले, विवाहाग्नीसमोर मिळालेले, आणि 'आधिवेदनिक', म्हणजे नवऱ्याने दुसरी बायको करताना पहिलीला द्यायचे धन. इतर स्मृतिकारांनी सासर-माहेरच्यांनी प्रेमाने दिलेल्या भेटींना 'प्रीतिदत्त' असे सुंदर नाव दिले. आज आपण लग्नाच्या वाढदिवसाला देतो ते प्रीतिदत्तच. पण पतीने पत्नीला काही द्यावे असा जो प्रसंग स्मृतिकाराने नावानिशी नेमून दिला, तो सवत आणण्याचा, हे वाचताना जरा थबकायला होते.

अकराव्या-बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी असलेल्या विज्ञानेश्वराने या स्मृतीवर 'मिताक्षरा' टीका लिहिली. पुढे महाराष्ट्रात आणि वऱ्हाडात न्यायनिवाड्याला तोच ग्रंथ प्रमाण मानला गेला. विज्ञानेश्वराने स्त्रीधनाची व्याख्या उदार केली. मूळ श्लोकातल्या 'आद्य' या शब्दात त्याने वारसा, खरेदी, वाटणी अशा मार्गांनी आलेले धनही बसवले. पण त्याच स्मृतीत एक अपवाद आहे आणि माझ्या दृष्टीने सारी मेख तिथे आहे. दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारपणात किंवा कैदेत पडल्यावर नवऱ्याने बायकोचे धन घेतले, तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

दुष्काळ, कार्य, आजारपण. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला ही यादी वाचून हसावे की रडावे कळत नाही. आमच्याकडे यांपैकी एकही नाही असे वर्ष क्वचित उजाडते. अपवाद एवढा रुंद असेल तर नियम कुठे उरला?

हा प्रश्न स्मृतिकारांपेक्षा एका नाटककाराने अधिक नीट पाहिला असे मला वाटते. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' आपल्याला गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपामुळे घरचे वाटते, पण आपण ते वसंतसेना आणि चारुदत्त यांची प्रेमकथा म्हणून वाचतो. एकदा ते दागिन्यांची कथा म्हणून वाचून पाहावे. वसंतसेना आपले दागिने चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते. शर्विलक भिंत फोडून ते चोरतो. दरिद्री माणसाने ठेव गिळली असे लोक म्हणतील, या भयाने चारुदत्त खचतो. तेव्हा त्याची पत्नी धूता माहेरून मिळालेली रत्नावली काढते. नवरा ती सरळ घेणार नाही हे तिला ठाऊक आहे. म्हणून ती रत्नषष्ठीच्या व्रताचे निमित्त करते आणि मैत्रेयाला दान म्हणून ती माळ देते. चारुदत्ताला कळते तेव्हा बायकोच्या धनावर तरावे लागले याची त्याला लाज वाटते. लाज वाटते, पण माळ वसंतसेनेकडे जातेच.

धूतेच्या या कृतीचे कौतुक करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मला प्रत्येक वाचनात दुसरेच काही दिसते. घराण्याची अब्रू जाण्याच्या प्रसंगी नवऱ्याने स्त्रीधन घ्यावे की नाही, हा व्यवहाराचा प्रश्न असतो. धूता तो व्यवहार होऊच देत नाही, ती त्याचे दान करून टाकते. मागणी आली नाही, म्हणून नकाराचा प्रश्न नाही. कर्ज नाही, म्हणून परतफेडीचा नाही. पुढे वसंतसेना ती माळ तिला परत करू पाहते, तेव्हाही धूता ती घेत नाही. पतीने जी तुम्हाला दिली ती मी कशी घेऊ, पती हाच माझा दागिना, अशा आशयाचे तिचे उत्तर आहे. माहेरची माळ या टप्प्यावर 'पतीने दिलेली' झाली आहे. कोणी हिसकावली नाही, कोणी फसवले नाही. केवळ तीन हात बदलून मालकाचे नाव बदलले.

आणि याच नाटकात वसंतसेना चारुदत्ताच्या मुलाच्या मातीच्या गाड्यात आपले दागिने भरते. रडणाऱ्या पोराला दिलेली ती भेट. तेच दागिने न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध खुनाचा पुरावा ठरतात. प्रेमाने दिलेल्या वस्तूची नोंद कुठेच नसते आणि वेळ आली की नेमकी तीच गोष्ट अंगाशी येते. पावती आणि प्रेम यांचे वाकडे आहे असे आपण समजतो. शूद्रकाला तसे वाटले नसावे.

आता यवतमाळकडे येऊ. १९०५ पर्यंत इंग्रजी दप्तरात वणीच्या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा काळ्या मातीचा आणि कपाशीचा. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रुळांची रेल्वे झाली ती याच कापसासाठी. लोकांनी त्या गाडीला 'शकुंतला' म्हटले. (जिची अंगठी हरवल्यामुळे ओळखच हरवली, तिचे नाव आमच्या गाडीला मिळावे हा योगायोग असेल. आता ती गाडीही धावत नाही.) कापूस विकला की हातात पैसा एकदम येई, वर्षातून एकदा. बँका गावोगाव पोचल्या नव्हत्या. अशा पैशाला दोनच वाटा होत्या, जमीन किंवा सोने-चांदी. दिवाळीनंतर वेचणी, मग विक्री, मग उन्हाळ्यात लग्ने. 'चुकारा निघाला की डाग करू' हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकले आहे की चुकारा हा शब्द मला सोन्याच्या दुकानाचाच वाटे.

या जिल्ह्यात दागिना निवडण्याची एक व्यवहारी दृष्टी तयार झाली. तिला दृष्टी म्हणावे की सवय, हे मी सांगू शकत नाही. पहिला प्रश्न वजनाचा. राणीछाप रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्या रुपयात जवळजवळ शुद्ध चांदी असे, म्हणून तो नाणेही होता, वजनही आणि दागिन्याचा कच्चा मालही. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला, तेव्हा जुने राणीछाप रुपये लोकांनी जपून ठेवले. पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या गळ्यात रुपयांच्या माळा दिसत त्या हौसेच्या होत्याच, शिवाय ती रोकड होती. त्यांच्या केसांतली घुगरी-टोपली मात्र सौभाग्याची खूण होती. हौस, रोकड आणि खूण एकाच अंगावर, आणि कोणती कुठे संपते हे बाहेरच्याने सांगू नये.

दुसरा प्रश्न मोडण्याचा. बोरमाळेत किंवा साजात लाख भरलेली असते. घेताना ती डोळ्यांना भरीव दिसते, मोडताना लाख जाते आणि वजन उतरते. डाकाचे जोड जितके जास्त, तितकी घट जास्त. घडणावळ तर परत मिळतच नाही. म्हणून भरीव गोठ, सरी, गोफ यांना मान. आणि एकदाणी. एकदाणीचे मणी सुटे असतात. दोन मण्यांची गरज असेल तर दोनच मणी विकता येतात आणि माळ पुन्हा ओवून गळ्यात घालता येते, शेजारणीच्याही लक्षात येत नाही. आजच्या अर्थशास्त्रात याला काय म्हणतील ते वाणिज्यच्या सरांना विचारायला हवे.

तिसरा प्रश्न निवडीचा, आणि तो बहुधा विचारलाच जात नसे. कोणता डाग करायचा हे सासरा किंवा घरातला कर्ता आणि सोनार ठरवत. सून तो घाले.

हा साठा मोडण्याच्या वेळा इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर मुंबईच्या टांकसाळीत दागिन्यांची चांदी वितळण्यासाठी मोठ्या प्रमाणात आली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाडालाही सोडले नाही. पण सर्वांत विलक्षण प्रसंग १९३१ चा. जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले होते, सारा आणि सावकाराचे व्याज मात्र तेवढेच होते. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडला, रुपयांत सोन्याचा भाव चढला आणि शतकानुशतके सोने गिळणाऱ्या हिंदुस्थानातून सोने बाहेर वाहू लागले. अर्थतज्ज्ञ आजही त्याला अडचणीचे सोने म्हणतात. इंग्रज अधिकाऱ्यांना हा साठलेल्या संपत्तीचा सदुपयोग वाटला. जहाजे भरून गेलेल्या त्या सोन्यात पातल्या किती आणि एकदाण्या किती, याची कोणतीच नोंद होणे शक्य नव्हते, कारण ते आधीच वितळलेले होते. कोणाच्या संमतीने वितळले, हा रकाना तर कोणत्याच वहीत नसतो.

संमतीचा प्रश्न त्याच काळात एका वेगळ्या ठिकाणी मात्र उघडपणे विचारला गेला. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजींनी वर्ध्यापासून हरिजन दौरा सुरू केला. सभांत स्त्रिया अंगावरचे दागिने काढून देत. मलबारात वडकऱ्याला कौमुदी नावाच्या मुलीने आपले सारे दागिने दिले, तेव्हा आईवडिलांची परवानगी आहे का, आणि पुन्हा नवे मागणार नाहीस ना, असे गांधीजींनी तिला विचारले आणि पुढे त्यावर 'हरिजन'मध्ये लिहिले. दोन्ही प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. दुसरा अधिक, कारण त्यात देणाऱ्या व्यक्तीचा निर्णय पक्का आहे की नाही, याची चाचणी आहे. पहिल्या प्रश्नात मात्र दागिना अखेर बापाचाच आहे, ही शंका शिल्लक आहे.

१९६२ च्या चीन युद्धात पुन्हा एकदा राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायकांनी दागिने दिले. लगेच जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आले. चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने करायला बंदी. सोनारांवर उपासमारीची वेळ आली. आमच्या आजीच्या पिढीत जुना डाग मोडून नवा करायची भीती बसली ती तेव्हाच, कारण बावीस कॅरेट देऊन चौदा कॅरेट घरी आणायचे कोणी? चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये गेली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

आणि मग वाढदिवस आले. 'लग्नाचा वाढदिवस' हा शब्दप्रयोगच पाहा. जन्म माणसाचा होतो, लग्नाचाही वाढदिवस होऊ शकतो ही कल्पना आपण भाषांतरातून घेतली. पंचवीस वर्षांना चांदी आणि पन्नासला सोने ही जर्मन प्रदेशांतली चाल. रौप्यमहोत्सव-सुवर्णमहोत्सव हे शब्द आपल्याकडे आधी संस्थांना आणि राणीच्या राज्यारोहणाला लागले, मग जोडप्यांना. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेने प्रत्येक वर्षासाठी काय द्यावे याची वाढीव यादीच काढली, आणि १९४७ मध्ये हिरा कायमचा असतो अशा अर्थाचे प्रसिद्ध जाहिरातवाक्य लिहिले गेले. यादी तिथेही आहेच, फक्त ती दुकानदाराने केलेली आहे.

आमच्या जुन्या प्रसंगांत वाढदिवस नव्हता. पहिला दिवाळसण होता, डोहाळजेवण होते, बारशाला बाळाचे वाळे आणि बिंदल्या होत्या, अधिक महिन्यात जावयाचे वाण होते, पुढे साठीशांत. आणि पहिली संक्रांत. काळी साडी आणि तिच्यावर हलव्याचे दागिने: हार, बांगड्या, नथ, सारे साखरेचे. मला ही प्रथा जगातल्या दागिन्यांच्या इतिहासातली सर्वांत हुशार वाटते. त्या दिवशी सुनेच्या अंगावर जे असते त्याचे वजन कोणी करीत नाही, गहाण ठेवायचा प्रश्न नाही, परत मागण्याचा नाही. पुढच्या पिढीला वारसा म्हणून जात नाही, मुंग्यांना जातो. दागिन्यातून सोने काढून घेतल्यावर भेट म्हणून जे उरते, ते एवढेच, आणि त्या दिवसाचे फोटो बायका आयुष्यभर जपतात.

कायद्याने आपल्या परीने 'घातले' आणि 'दिले' यांतला गोंधळ सोडवू पाहिला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची मानली. मार्च १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सासरी नेलेले स्त्रीधन सासरच्यांच्या संयुक्त मालकीचे होत नाही. ते त्यांच्याकडे विश्वासाने ठेवलेले असते आणि परत न करणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. वसंतसेनेची ठेव आणि धूतेची रत्नावली यांतला फरक न्यायालयाने एका अर्थी पुसला, कारण सासरी बायकोचा दागिनासुद्धा ठेवच. त्याच वर्षी हुंडाबंदी कायद्याखाली नियम झाले: लग्नातल्या भेटींची यादी करावी, वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, नाते लिहावे आणि वधूवरांनी तिच्यावर सही करावी. जुनी याद अशी कायद्यातून परत आली. आपल्यापैकी किती जणांनी अशी यादी केली, हे मी स्टाफरूममध्ये विचारले होते. एकानेही हात वर केला नाही. माझाही झाला नाही.

एप्रिल २०२४ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नाही. संकटात तो ते वापरू शकतो, पण ते किंवा त्याची किंमत परत करण्याचे नैतिक बंधन त्याच्यावर राहते. याज्ञवल्क्याचा अपवाद तिथेही आहे. परतफेड मात्र जोडली गेली आहे, आणि हा फरक लहान नाही.

हे सारे मी त्रयस्थपणे लिहिते आहे खरी, पण माझी स्वतःची पदवी एका एकदाणीवर उभी आहे.

आमचे घर दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात. आईच्या गळ्यात काळ्या पोतीसोबत एकदाणी असे. तिचे मणी दोनदा कमी झाल्याचे मला आठवते. एकदा विहिरीच्या मोटारीसाठी आणि एकदा आजोबांच्या ऑपरेशनला. (आजारपण, स्मृतीत बसते.) मधल्या रिकाम्या जागी आईने लाल मणी ओवले होते आणि ते तिला शोभत. २००२ मध्ये मला एम.ए.ला अमरावतीला जायचे होते. त्या वर्षी कापसाचा चुकारा वेळेवर आला नाही. एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "पोरीचं शिक्षण म्हणजे धर्मकार्यच की." आईने एकदाणी काढून ताटलीत ठेवली. ताटलीत, बाबांच्या हातात नाही, हे मला तेव्हा दिसले नव्हते. बाबांनी ती गावच्या सावकाराकडे नेली. व्याज मुदलाच्या पुढे गेले आणि ती सुटली नाही. २०१५ मध्ये शासनाने परवानाधारक सावकारांकडचे शेतकऱ्यांचे कर्ज फेडून तारण परत देण्याची योजना विदर्भ-मराठवाड्यासाठी आणली, तेव्हा बाबा एकदा तालुक्याला चौकशीला जाऊन आले. आमच्या सावकाराकडे परवाना नव्हता. एकदाणीची पावतीही नव्हती.

अलीकडे आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. तारीख काढतानाच अडचण आली. आईला एवढेच ठाऊक की तुरी निघाल्या होत्या. पत्रिका नव्हती. शेवटी माळ्यावरचा पितळी गुंड उतरवला. त्याच्यावर आईच्या मामांचे नाव आणि तारीख कोरलेली होती. लग्नात आलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचे नाव असे, गडव्यावर, ताटावर, अगदी पळीवरसुद्धा. सोन्याच्या एकाही नगावर कोणाचेच नाव नव्हते.

मी आईला यवतमाळला दुकानात घेऊन गेले. सोन्याचा भाव २०२५ मध्ये दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेला, तेव्हा हौसेने निवडावे असे दिवस नव्हते. पण मला तिला निवडू द्यायचे होते. दुकानातल्या मुलाने आधी टेम्पल ज्वेलरी काढली, मग खड्यांचे सेट. "सुवर्णमहोत्सव आहे, काकू, जरा उठून दिसणारं घ्या." मी एक नाजूक हार पुढे केला. मला तो खरेच आवडला होता.

आईने तो तळहातावर घेऊन तोलला आणि खाली ठेवला.

"यात सोनं किती आन् खडे किती?"

त्याने सांगितले.

"एकदाणी हाये का? भरीव मण्याची?"

तशी माळ आता फारशी खपत नाही, पण होती. प्रत्येक मणी तिने बोटाने फिरवून पाहिला. मी तिला हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक दाखवला. एप्रिल २०२३ पासून तो नसलेला दागिना दुकानदाराला विकता येत नाही, असे समजावून सांगितले. तिने चष्मा लावून तो वाचायचा प्रयत्न केला.

"हा नंबर कोनाचा? माह्या?"

"दागिन्याचा आहे, आई."

ती काही बोलली नाही. बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी कार्ड पुढे केले, मशीनवर आकडे उमटले आणि मुलाने कॉम्प्युटरवर बिल करायला घेतले. सवयीने त्याने मला नाव विचारले. मी माझे सांगायला तोंड उघडले, कारण पैसे माझे होते.

"थांब जराशी," आई म्हणाली आणि काउंटरवर थोडी पुढे वाकली. "भाऊ, पावती माह्या नावानं कर. पुरं नाव लिही. नवऱ्याचं नाव मधात येते, ते येऊ दे. पन आधी माहं."

मुलाने स्पेलिंग विचारले. आईला स्पेलिंग येत नव्हते, मी सांगितले. बिल छापून आले तेव्हा तिने ते दोन घड्या करून ब्लाउजच्या आतल्या खिशात ठेवले आणि मग गळ्यात एकदाणी घातली. डबी तिने दुकानातच सोडली.